कोल्हापूरचा संघ सभासदांचा हवा

मा. संपादक,
स. न.

व्यावसायिक फुटबॉल संघ फक्त मोठ्या शहरांनाच परवडतो, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मग पुण्यात काय झालं? पुणे एफसी 2015 मध्ये बंद पडला, भारत एफसीने एकाच हंगामात गाशा गुंडाळला आणि एफसी पुणे सिटीही 2019 मध्ये संपला. शहर मोठं, मालकही बडे. पण मालकाने हात आखडला तेव्हा संघ धरून ठेवायला शहराचा त्यात वाटाच नव्हता.

याउलट ऐझॉल. 2011 च्या जनगणनेनुसार तिथली वस्ती तीन लाखांच्या आत. पण ऐझॉल एफसीने 2016-17 मध्ये मोहन बागान, ईस्ट बंगाल, बेंगळुरू या सगळ्यांना मागे टाकून आय-लीग, म्हणजे देशातली तेव्हाची अव्वल लीग, जिंकली.

आपलं कोल्हापूर याच जनगणनेत साडेपाच लाखांचं. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा इथल्या दोन संघांचा सामना असला की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते. पेठांमधली तालीम मंडळं वर्गणी काढून आपापले संघ चालवतात, परदेशी खेळाडूही आणतात. अनिकेत जाधव इथलाच. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. पण फुटबॉलवर पोट भरायचं तर आपल्या पोरांना गाव सोडावंच लागतं, ही गोष्ट मला फार लागते. म्हणून शहराचा स्वतःचा व्यावसायिक संघ हवा, आणि तो सभासदांच्या मालकीचा हवा.

पैशाचं काय, असं विचारतील. स्पेनमधलं एबार हे जेमतेम 27 हजार वस्तीचं गाव. 2014 मध्ये वरच्या लीगसाठी भांडवल कमी पडलं, तेव्हा त्यांच्या क्लबने जगभरच्या लोकांना शेअर विकले, एकट्याच्या हातात क्लब जाऊ नये म्हणून मर्यादा घातली आणि नंतर सलग सात हंगाम ला लीगा, म्हणजे स्पेनची अव्वल लीग, खेळून दाखवली. आपल्याला तर हे शिकवायलाही नको. गावोगावच्या दूध संस्था सभासदांनीच उभ्या केलेला हा जिल्हा आहे. फुटबॉल क्लबचा शेअर घ्यायला इथला माणूस का कचरेल?

खरी अडचण पेठांची आहे. पेठेसाठी घसा फोडणारा माणूस शहराच्या संघासाठी तिकीट काढेल का? माझ्या मते काढेल, पण त्यासाठी पेठांचे संघ मोडता कामा नयेत. शहराचा संघ त्यांच्या वर उभा राहावा, त्यातले चांगले खेळाडू त्याने पगारावर घ्यावेत आणि बदल्यात मंडळांना मोबदला मिळावा. सामन्यातली हुल्लडबाजी मात्र थांबलीच पाहिजे. तिच्या धास्तीने बायकापोरं मैदानाकडे फिरकत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय गॅलरी वर्षभर भरणार नाही.

सुरुवात थेट वरून नको, राष्ट्रीय लीगच्या खालच्या स्तरातून करावी. केएसएने (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) येत्या हंगामाआधी सर्व तालमींच्या पदाधिकाऱ्यांना एकत्र बोलवावं आणि सभासद नोंदणीचा प्रस्ताव त्यांच्यासमोर ठेवावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर