बाळ्यास, तात्या विंचूच्या निमित्ताने

मालवण, बुधवार रात्र

प्रिय बाळ्या,

सहा महिने फोन नाही, मेसेजला नुसता अंगठा. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आईचे गुडघे आहेत तसेच, माझं बीपी गोळीवर चाललंय, झालं.

शनिवारी पाऊस असा लागला की वाडीत चिटपाखरू नाही. चिमूला म्हटलं, चल तुला आमच्या वेळचा भुताचा पिक्चर दाखवतो. झपाटलेला, १९९३ चा. आपण तो कुठे बघितला ते तुला काय सांगायचं, चवथीत तुमच्याच खळ्यात, भाड्याच्या व्हीसीआरवर, आणि नंतर तू न्हाणीपर्यंत एकटा जाईनास. (मी पण नव्हतो गेलो, आज कबूल करतो.)

तर चिमू घाबरलीच नाही रे. तात्या विंचू बाहुल्यात शिरला तर म्हणते, "बाबा, क्यूट आहे." रामदास पाध्यांचा तो बाहुला, ज्याच्यापायी मी ताईची बाहुली वर्षभर कपाटात कोंडून ठेवलेली, तो क्यूट! लक्ष्याला मात्र खदाखदा हसली. मधेच विचारलं, हा आता काय करतो? म्हटलं, २००४ मध्ये गेला. तर म्हणे, "मग तो बाहुलीत जायचा मंत्र त्याला कुणी शिकवला नाही?" यावर तूच सांग काय बोलायचं ते.

आणि मग ते सुरू झालं, लक्ष्या जिवाच्या आकांताने सांगतोय की बाहुला जिवंत आहे, आणि कुणी ऐकत नाही. त्यात तो स्वतःच बोलक्या बाहुल्यांच्या नादातला, त्याचं कोण खरं धरणार. इथे ही एकदम गप्प. मला वाटलं चला, घाबरली एकदाची. चहा ठेवायला उठलो तर शर्ट धरून म्हणते, "तो खरं सांगतोय ना बाबा? माझ्या पोटात पण खरंच दुखतं."

बाळ्या, जूनपासून हिचं रोज सकाळी पोट दुखतंय. डॉक्टर झाले, ओवा झाला, आईने देवचाराला गाऱ्हाणं घातलं, आणि मी? मी म्हटलं शाळा चुकवायची नाटकं. हिच्यादेखत, हसून, शेजाऱ्यांना पण सांगितलं. आई म्हणत होती, "चेडवाच्या पोटात दुखता म्हणजे दुखता." तिच्यावर पण खेकसलो. रात्री हळूच विचारलं तर एवढंच म्हणाली, "रिक्षात," आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. रिक्षात काय? मोठी पोरं चिडवतात, डबा काढून घेतात, की आणखी काही? माझं डोकं कुठे कुठे जातं ते लिहवत नाही. सोमवारपासून स्कूटरवरून सोडतोय. सोमवारी दुखलं नाही. काल नाही, आज नाही. आता जास्त विचारलं तर मिटून बसेल, नाही विचारलं तर मला झोप नाही. रिक्षावाल्याला गाठावं तर आधी हिला विचारायला नको का? हिची आई म्हणते थांब, आपणहून बोलेल. बोलेल का? मी काय ऐकणारा आहे का, चार महिन्यांत तिला माझा अंदाज आलाच असेल.

तुलाच का लिहितोय, तर वर्गणीचे पन्नास रुपये. हस मेल्या. तू मला तीनदा सांगितलंस की मी घेतले नाहीत, आणि मी सगळ्यांच्या बाजूने उभा राहिलो. ती नोट आरतीच्या पुस्तकात मिळाली तेव्हा पण मी सॉरी म्हटलं नाही, शिरवाळ्या खायला ये म्हटलं. तू आलास, चार वाढप घेऊन खाल्ल्यास, रस वरपलास, पण त्या दिवशी एक शब्द बोलला नाहीस. मला ते आता आठवतंय, नीट, तुझी मान खाली आणि कानाच्या पाळ्या लाल.

तेव्हा तुला काय हवं होतं रे? कुणी काय विचारलं असतं म्हणजे तू बोलला असतास? खरंच सांग, फोनवर नको, लिही.

फ्लॅटचं पझेशन मिळालं का? वहिनींना नमस्कार, पोराचं बारावीचं काय झालं तेही कळव. चिमूला दुसरा भाग बघायचाय, २०१३ चा तो थ्रीडीवाला, बाळूकाकाबरोबरच म्हणते, कारण तू घाबरतोस असं मी सांगून ठेवलंय.

तुझा,
पांड्या