कोजागरीचे दूध आणि शेगडीचा 'दोन नंबर'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंदाच्या कोजागरीला आमच्या वाड्याच्या गच्चीवर पाच लिटर दूध बुडाला लागले आणि खापर फुटले आमच्या वहिनींवर. "ढवळायला कोण होतं?" वहिनी ढवळतच होत्या, मी समोर बसलो होतो. चूक शेगडीच्या बटणाची होती, म्हणून हे पत्र.

आधी वाड्यातल्या एका उत्साही मुलाने मोबाइलवर पाहिलेली युक्ती केली: दोन हजार वॅटच्या कॉइलच्या शेगडीला पंख्याचा रेग्युलेटर. पंखा खातो पाऊणशे वॅट, म्हणजे जेमतेम तृतीयांश अँपिअर; शेगडी ओढते पावणेनऊ अँपिअर. पाच मिनिटांत जळका वास आला, रेग्युलेटर गेला. घर वाचले हे नशीब. मग दुसरी, बटणावर एक ते सहा आकडे असलेली शेगडी आणली आणि बटण 'दोन'वर ठेवले. दूध लागले ते इथे.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवन या बडोद्याच्या तंत्रशाळेत मी शिकलो आणि पुढे तीस वर्षे कारखान्यात भट्ट्यांची तापमाने सांभाळली, तेव्हा एवढे सांगायचा हक्क मला असावा: 'दोन' म्हणजे मंद आच नव्हे. आत बायमेटलची, म्हणजे दोन धातू एकत्र चिकटवलेली, पट्टी असते. ती तापली की वीज तोडते, निवली की जोडते. म्हणजे कॉइल काही सेकंद पूर्ण दोन हजार वॅटने पेटते आणि मग बराच वेळ गप्प बसते. जाड बिडाच्या तव्यावर हे खपून जाते. पातळ पातेल्यातले आटत आलेले दूध मात्र त्या पेटत्या सेकंदांतच करपते. बऱ्याच इंडक्शनवरही खालच्या आकड्यांना हाच चालू-बंदचा खेळ असतो.

"मग ट्रायॅकचा मोठा रेग्युलेटर घेऊ," असे तो मुलगा आता म्हणतो. ट्रायॅक म्हणजे वीज झटपट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. घ्या, पण त्याची खोड ओळखून घ्या. आपली वीज सेकंदाला पन्नास लहरींची, म्हणजे शंभर अर्धलहरी. ट्रायॅक प्रत्येक अर्धलहरीचा सुरुवातीचा भाग कापतो. पाव भाग कापला तरी शेगडीचा जोर उतरतो फक्त नऊ टक्के, कारण तिथे लहर अजून उंचीलाच आलेली नसते. अर्धा कापला की निम्मा जोर, आणि पाऊण कापला की उरतो जेमतेम नऊ टक्के. म्हणजे जोराचा बहुतेक सगळा चढउतार बटणाच्या मधल्या भागातच. शिवाय जवळपासच्या रेडिओत खरखर येते ती वेगळीच. आणि असल्या रेग्युलेटरवर 'चार हजार वॅट' छापलेले असले तरी उष्णता बाहेर टाकणारी त्याची अंगठ्याएवढी अॅल्युमिनियमची फिन बघा. दोन हजार वॅटलाच ट्रायॅकमध्ये दहाएक वॅट उष्णता होते, जवळजवळ झीरोच्या बल्बाइतकी.

माझ्या मते नेमका मार्ग कापण्याचा नव्हे, मोजण्याचा. लहर शून्यावर असतानाच जोडणारी सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच, घ्यायची आणि पन्नासपैकी वीस पूर्ण लहरी सोडायच्या. झाले आठशे वॅट, खरखर नाही. याचाही एक त्रास आहे, त्याच लाइनवरचा दिवा लुकलुकतो, म्हणून शेगडीला मीटरपासून वेगळी वायर हवी. आणि ही रिले बिघडली की बहुधा जोडलेलीच राहते. जास्त करंटला आपोआप पडणारी एमसीबी तेव्हा काही करत नाही, कारण पूर्ण जोराचा करंट तिला रास्तच वाटतो. फार तापले की वीज तोडणारा थर्मल फ्यूज आणि हाताने बंद करायचा मोठा स्विच लागतोच.

एवढे करूनही मोजणी फसते ती व्होल्टेजमुळे. जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० व्होल्टला दोन हजार वॅट देणारी कॉइल २१० ला १६७० च्या आसपास उतरते आणि २५० ला २३६० वर जाते. संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे-पंखे चालू असताना जुळवलेला 'दोन' रात्री बाराला, गल्ली झोपल्यावर, वेगळाच असतो. कोजागरीचे दूध नेमके तेव्हाच आटते.

घरगुती कामाला एवढे इलेक्ट्रॉनिक्स लागतच नाही म्हणा. आईकडे जुनी शेगडी होती, आत हजार-हजार वॅटच्या दोन कॉइली. दोन्ही समांतर जोडल्या की दोन हजार, एकच घेतली की हजार, एकामागे एक जोडल्या की पाचशे, आणि ते पाचशे अखंड. तीन खटक्यांचा तो स्विच आता बाजारात शोधावा लागतो.

शेगडी बनवणाऱ्यांकडे माझे मागणे एवढेच की आकड्यांशेजारी वॅट छापा, आणि ती आच सलग आहे की चालू-बंद, तेही. 'दोन नंबर' म्हणजे किती वॅट, असे मी रावपुऱ्यात चार दुकानांत विचारले. तिघांनी "मिडियम" सांगितले. चौथा म्हणाला, "काका, गॅस पर करो ने!"

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक,
दांडिया बाजार, बडोदे