आप्पांचा संसार

दादर, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आप्पांचं तेरावं उरकून गावी निघालात तेव्हा गाडीत बसता बसता म्हणालात, "दादाने सगळ्यांचं केलं, स्वतःचा संसार मात्र त्याला धड करता आला नाही." प्लॅटफॉर्मवरच्या गर्दीत मला काही बोलता आलं नाही. पण ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्या घरात काढली. तिथे जे पाहिलं, ते तुम्हाला गावात बसून कसं दिसणार?

तुमच्यापर्यंत पोचायची ती तुमच्या डीएडसाठी त्यांनी पाठवलेली मनीऑर्डर, आणि पुढे दर गणपतीत "यंदाही रजा नाही" हा निरोप. मुंबईतल्या हवालदाराला गणपतीत रजा मिळत नाही, हे गावात कोणाला पटायचं नाही. अनंत चतुर्दशीला त्यांचा बंदोबस्त गिरगाव चौपाटीवर असायचा. मोठे गणपती पाण्यात जाईपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. आप्पा नायगावला घरी यायचे तेव्हा पाय सुजून बुटातून निघत नसत. काकी घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घालून ठेवायची आणि पुन्हा मोदकांची उकड काढायला घ्यायची. पितृपक्ष लागायच्या आत आप्पांचे मोदक झालेच पाहिजेत, हा तिचा हट्ट. बीडीडी चाळीतली ती १६० चौरस फुटांची खोली, त्यात आम्ही पाच माणसं, आणि आप्पा झोपायचं सोडून कळ्या पाडायला बसलेले. आई, त्यांच्या मोदकाच्या कळ्या तुझ्याइतक्या रेखीव असायच्या. खरंच सांगते.

रात्रपाळीहून आले की गणवेश उतरवायचे आणि आधी सोनूच्या दोन वेण्या घालायचे. तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून आले की मगच झोपायचे. काकीला सकाळचा चहा तरी निवांत मिळावा, म्हणून हे काम त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं.

पोलीस ठाण्यातलं ते घरी काही बोलत नसत. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांना हॉस्पिटलात पाठवलं होतं, नातेवाइकांना नाव विचारायचं आणि यादीत शोधून द्यायचं. तिसऱ्या दिवशी घरी आले. अंघोळ करून सगळ्यात आधी तुम्हाला फोन लावला आणि "सगळे घरी आहेत ना?" एवढंच विचारून ठेवला. दादा तुटक बोलला, असं तुम्ही नंतर आईला म्हणालात. बाबा, फोन ठेवून ते भिंतीशी बसले आणि सोनूच्या दप्तराची निघालेली चेन सुईदोऱ्याने शिवत राहिले. काकीने ताट वाढलं, ते तसंच गार झालं. दुपारी पुन्हा ड्यूटीवर गेले.

२०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना रवींद्र पाटील या एका पोलीस शिपायाची होती. आप्पा तोवर निवृत्त होऊन भांडुपला राहायला आले होते. ती बातमी त्यांनी काकीला दोनदा वाचून दाखवली. "आता पोरं घरी वेळेवर जेवतील," म्हणाले. त्यांच्या नोकरीत बारा तास ठरलेलेच, आणि बंदोबस्त लागला की त्यालाही धरबंध नाही. तरी दुसऱ्यांच्या पोरांसाठी त्यांना केवढा आनंद झाला होता!

त्यांना घरासाठी वेळ फार कमी मिळाला, हे खरंच आहे, आणि त्याचा मला अजूनही राग येतो. पण मिळालेला सगळा वेळ त्यांनी घरालाच दिला, बाबा. आणि त्यांच्या लेखी घर म्हणजे तुम्हीही. तुम्हाला शिकवलं हा त्यांना भार वाटला असेल, असं मनात आणू नका. "माझा भाऊ गुरुजी आहे" हे ते चाळीत नव्याने राहायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचे.

काकीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद मी आणि सोनूने भरून दिलेत, त्याची काळजी नको. पण ती रात्रीची जेवत नाही. आई, तू पंधरा दिवस येऊन राहशील का तिच्याजवळ? बाबा, तुम्हीही या. आणि ते वाक्य तिच्यासमोर नका हो बोलू. मांडवीचं तिकीट काढू का, ते फोनवर कळवा. ठाण्याला उतरलात की मी घ्यायला येईन.

तुमची,
धाकटी