गंजलेल्या गॅसपाइपवर नुसता रंग नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की मुंबईतील सोसायट्यांमध्ये रंगकामाची लगबग सुरू होते. परांची बांधली जाते, भिंतींबरोबर बाहेरून वर चढलेल्या गॅसच्या पाइपांवरही रंगाचा हात फिरतो आणि इमारत नवी दिसू लागते. त्या रंगाखाली पाइपची अवस्था काय आहे, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. गेल्या महिन्यात आमच्या घरी जे घडले, त्यानंतर याविषयी लिहिणे आवश्यक वाटले.

आमच्या गॅसजोडणीला वीस वर्षे होऊन गेली आहेत. सकाळी स्वयंपाकघराचे दार उघडले की क्षणभर वास येई आणि खिडकी उघडली की जाई. तो सिंकच्या जाळीचा असावा, असे समजून आम्ही आठवडाभर जाळीत गरम पाणी ओतत राहिलो. सासूबाई सिलिंडरच्या सवयीने जमिनीलगत वास घेऊन 'काही नाही' म्हणत. परंतु सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो, तर पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो आणि हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. अखेर ओट्याखालची ट्रॉली ओढून बाहेर काढली, तेव्हा भिंतीतून निघणाऱ्या पाइपवर तांबूस खपल्या दिसल्या. साबणाच्या पाण्यात बुडवलेला ब्रश एल्बोवर, म्हणजे पाइपच्या वळणावरच्या जोडावर फिरवला, तर मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला आणि त्याच जागी दुसरा आला.

मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद केला, खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात न लावता घराबाहेर येऊन गॅस कंपनीला फोन केला. दरम्यान शेजाऱ्यांनी बोलावलेला प्लंबर एम-सील लावून पाच मिनिटांत काम करून देण्यास तयार होता. त्याला दारातूनच परत पाठवले.

कंपनीच्या फिटरने पाइप कापून हातात दिला, तेव्हा गंज कुठे लागतो ते नीट कळले. लोखंडी पाइपवर जस्ताचा थर असतो. पण जोडासाठी आटे पाडताना तो थर निघून जातो, पाइपही तेथे पातळ होतो, म्हणून गंजाची सुरुवात बहुधा जोडापासूनच होते. आमच्याकडे त्यात सिंकखालच्या ओलीची आणि फरशी बसवल्यावर ती धुण्यासाठी वापरलेल्या ॲसिडची भर पडली होती. सर्वांत वाईट अवस्था भिंतीच्या आतल्या वीतभर भागाची होती, जो एरवी दिसलाच नसता. नवा तुकडा बसवल्यावर त्याने मॅनोमीटर (दाब मोजण्याचे उपकरण) लावून दाब उतरत नाही ना, हे पाहिले आणि मगच शेगडी पेटवू दिली.

खरी अडचण पुढे आली. मीटरनंतरचा पाइप ग्राहकाचा, असे कंपनीने सांगितले. घरातला पाइप सभासदाचा, असे सोसायटीने सांगितले. आणि सुताराने तो सुबक कपाटामागे झाकून ठेवलेला असल्याने सभासदाला तो दिसतच नाही. २००६ च्या राज्य कायद्यानुसार आम्ही अग्निसुरक्षेचे फॉर्म-बी प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये देतो, इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिटही करून घेतले आहे. पण यांपैकी कोणत्याही वेळी कोणी आमच्या ओट्याखाली वाकून पाहिल्याचे मला आठवत नाही.

रंगाला माझा विरोध नाही. घासून, प्रायमर लावून दिलेला रंग गंज रोखतोच. मात्र खड्डे पडलेला पाइप बदलण्याऐवजी रंगवणे म्हणजे तो लपवणे होय. म्हणून रंगकामाच्या निविदेतच अशी अट असावी की, परांची उभी असताना कंपनीकडून बाहेरचे पाइप, क्लॅम्प आणि कुंड्या किंवा एसीचे पाणी ठिबकते ते भाग तपासून घ्यावेत आणि त्यानंतरच ब्रश लावावा. कंपन्यांनीही घरातील तपासणीचा लेखी अहवाल सभासदाबरोबर सोसायटीला द्यावा.

आमच्या सोसायटीने यंदा ही अट घालण्याचे मान्य केले आहे. ओट्याखालच्या ट्रॉल्या मात्र अजून ज्याच्या त्यालाच ओढाव्या लागणार आहेत.

आपली,
एक वाचक, बोरिवली