घाटात ड्रिल चालवण्याआधी: चि. ओजसला पत्र

चि. ओजस,

अनेक आशीर्वाद.

तुमच्या वर्गाचं पश्चिम घाटातलं फील्डवर्क ठरलं, बेसाल्टचे कोअर (ड्रिलनं कापलेले दगडाचे दंडगोल) काढून त्यांचं पुराचुंबकत्व, म्हणजे दगडात जपलं गेलेलं जुनं चुंबकत्व, मोजायचं आहे, हे वाचून फार बरं वाटलं. पण तू लिहिलं आहेस की खंड सरकतात म्हणणाऱ्या वेगेनरचं सगळं बरोबर होतं आणि हटवादी भूशास्त्रज्ञांनी त्याला पन्नास वर्षं दाबून ठेवलं. ही गोष्ट इतक्या ठिकाणी छापली गेली आहे की ती खरीच वाटते. घडलं ते वेगळं होतं. तू ज्या कामाला निघाला आहेस, त्याचा त्यात मोठा वाटा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आल्फ्रेड वेगेनर हवामानशास्त्रज्ञ होता. जानेवारी १९१२ मध्ये फ्रँकफर्टला त्यानं खंडवहनाची कल्पना मांडली, १९१५ साली पुस्तक काढलं आणि १९२९ पर्यंत त्याच्या सुधारित आवृत्त्या काढत राहिला. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळतात हे त्याच्या आधीही लोकांनी पाहिलं होतं. त्याचा खरा दम दुसऱ्या युक्तिवादात होता. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका या सगळीकडे सापडत होते. आपल्याकडे नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांतही ते आहेत. त्या वेळचं उत्तर असं की या खंडांना जोडणारे जमिनीचे पूल होते आणि ते समुद्रात बुडाले. वेगेनर म्हणाला, खंडांचा खडक सागरतळाच्या खडकापेक्षा हलका आहे, तो तरंगतो, एवढा मोठा भूभाग बुडेल कसा? याला कुणाकडेच नीट उत्तर नव्हतं.

आता विरोधकांची बाजू पाहा. खंड सरकवतं कोण, या प्रश्नावर वेगेनरनं दोन बलं सुचवली: पृथ्वीच्या फिरण्यामुळे ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे लागणारा ढकल, आणि चंद्रसूर्याची भरती-ओहोटीची ओढ. ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यानं हिशेब करून दाखवलं की ही बलं लाखो पटींनी अपुरी आहेत. तो हिशेब बरोबर होता. दुसरा आक्षेप असा की खंडाचा खडक सागरतळाच्या जास्त मजबूत खडकाला चिरत पुढे जाऊच शकत नाही. तोही बरोबर होता. आजच्या सिद्धांतातही खंड सागरतळ चिरत जात नाही. तिसरी गोष्ट मोजमापाची. ग्रीनलंड युरोपपासून वर्षाला तीस मीटरहून जास्त वेगानं दूर जात आहे, असं वेगेनरनं लिहिलं. आकडा आला होता जुन्या-नव्या रेखांशांच्या तुलनेतून, आणि जुने रेखांश चंद्राच्या निरीक्षणावरून काढलेले. रेखांश वेळेच्या फरकावरून निघतो. ईशान्य ग्रीनलंडच्या ७५ अक्षांशावर वेळेत एका सेकंदाची चूक झाली, तर जागा सुमारे १२० मीटर सरकते. खरा वेग वर्षाला दोनेक सेंटिमीटर आहे. म्हणजे त्याचा सगळा आकडा चुकीनंच भरलेला होता, आणि ते तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं.

म्हणून मला दोन्ही बाजूंबद्दल आदर वाटतो. वेगेनरनं प्रश्न नेमका पकडला. पण तपासून पाहता येईल असा विश्वासार्ह आकडा त्याच्याकडे नव्हता. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ आर्थर होम्सनं १९२७-२८ मध्येच प्रावरणातल्या (पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरातल्या) उष्णतेच्या अभिसरण प्रवाहांची कल्पना मांडली, खंड त्या प्रवाहांवर वाहत जातात असं सांगितलं. आज वाचताना ते थक्क करणारं आहे. तरी तीही तेव्हा तपासता येत नव्हती.

तपासता येणारा पहिला आकडा दगडातल्या चुंबकातून आला. लाव्हा थिजताना त्यातल्या मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये हे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली घडतं. टायटॅनियम मिसळलेलं असेल तर त्याहून कमी तापमानाला. दिशेचा क्षितिजाशी होणारा कोन म्हणजे नतिकोन. पुरेशा काळाची सरासरी घेतली की नतिकोनाची टॅन्जंट ही अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असते. बस, एवढंच सूत्र.

१९५१ मध्ये केंब्रिजला संशोधन करणाऱ्या टेड आयर्विंगनं ओळखलं की भारत उत्तरेला सरकला असेल, तर ते भारतीय खडकांत दिसायलाच हवं. त्यानं इथले नमुने मागवून मोजले. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरनं अशा दिशांची सरासरी आणि चूक काढण्याची रीत १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. तुमच्या प्रयोगशाळेत अजून तीच वापरतात. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टवरचे निष्कर्ष छापले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे यांनी हे काम पुढे नेलं.

हिशेब तू स्वतः करून बघ. दख्खनच्या थरांचा सरासरी नतिकोन सुमारे ४७ अंश येतो. त्याची टॅन्जंट १.०७, निम्मी ०.५३६, म्हणजे अक्षांश २८, आणि तोही दक्षिण. आज मुंबई १९ उत्तरेवर आहे. फरक ४७ अंशांचा, एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर जवळपास ५,२०० किलोमीटर. दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. भागाकार केलास की वर्षाला सरासरी आठ सेंटिमीटर.

दक्षिण कशावरून, हे मात्र नीट समजून घे, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. घाटातले बहुतेक थर उलट्या ध्रुवतेचे आहेत, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते तेव्हाचे: दिशा आग्नेयेकडे आणि झुकाव खाली. महाबळेश्वरच्या माथ्याकडचे थर सरळ ध्रुवतेचे: दिशा वायव्येकडे आणि झुकाव वर. सरळ ध्रुवतेत सुई वर झुकली की जागा दक्षिण गोलार्धातली. एकाच डोंगरात या दोन दिशा एकमेकींच्या बरोबर उलट मिळाल्या, तर समज की मूळ चुंबकत्व शाबूत आहे.

एवढं असूनही १९५६ मध्ये जगानं का मानलं नाही? कारण शंका रास्त होत्या. एकाच खंडावरच्या मोजमापांवरून ध्रुव सरकला की खंड सरकला हे ठरत नाही. ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ कीथ रन्कॉर्नला युरोप आणि उत्तर अमेरिकेचे ध्रुवमार्ग (खडकांवरून काढलेल्या ध्रुवाच्या जुन्या जागांची रेघ) वेगळे दिसले, तेव्हा कुठे तो खंडवहनाकडे वळला. शिवाय खडकानं नंतर उचललेलं चुंबकत्व धुऊन काढण्याची पद्धत तेव्हा बाल्यावस्थेत होती. तुझे नमुने याच शंकांना उत्तर देण्याजोगे असले पाहिजेत, म्हणून काही गोष्टी सांगते.

डोंगरमाथ्यावर आणि उघड्या कड्यांच्या टोकांवर कोअर घेऊ नका. तिथे विजा पडतात, आणि विजेच्या प्रवाहानं खडकाला जबरदस्त नवं चुंबकत्व मिळतं. होकायंत्र दगडाच्या पृष्ठभागालगत हळूहळू फिरवा. हातभर अंतरात सुई भलतीकडे वळत असेल तर जागा सोडा. रस्त्यासाठी फोडलेली भिंत किंवा दगडखाण उत्तम. आधी पाहा की तो कातळ जागचाच आहे, घसरून आलेला धोंडा नाही. थराचा वरचा सच्छिद्र, झिओलाइट (पोकळ्यांत नंतर साचलेलं खनिज) भरलेला भाग आणि मुरूम झालेला भाग टाळा. मधला घट्ट काळा भाग घ्या.

ड्रिलची हिऱ्याची बिट अडीच सेंटिमीटर व्यासाची असते, कोअर सात ते दहा सेंटिमीटर लांब येतो. पाण्याचा पंप मारणाऱ्यानं क्षणभरही थांबायचं नाही. पाणी तुटलं की दगडाची भुकटी आत बसते, कोअर अडकतो आणि बिट जळते. कोअर जागेवर असतानाच त्याच्यावर फटीची नळी चढवून उतार आणि दिशा वाचायची, पितळी तारेनं वरच्या बाजूला रेघ ओढायची, आणि मगच तो पितळी पट्टीनं मोडायचा. रेघ ओढण्याआधी कोअर मोडून भोकात फिरला तर तो फेकून द्या. डोळ्यांनी अंदाज करून दिशा लिहिली, तर ती चूक पुढे कुठल्याही यंत्राला सापडणार नाही.

बेसाल्टजवळ होकायंत्र एकटं विश्वासाचं नाही, काही ठिकाणी ते दहा अंशांनीही चुकतं. उन्हात सूर्यकंपास वापरा: सावलीचा कोन, घड्याळाची वेळ मिनिटापर्यंत आणि जागेचे अक्षांश-रेखांश. ढग असतील तर दूरच्या ओळखीच्या शिखराची दिशा घेऊन ठेवा. खिशातला मोबाइल आणि ड्रिलचं इंजिन दोन्ही होकायंत्रापासून लांब.

एका थरातून सहा ते आठ कोअर घ्या, पण एकाच थरावर थांबू नका. एक थर म्हणजे चुंबकक्षेत्राचा एक क्षण, आणि क्षेत्र शतकानुशतकं डुलत असतं. सूत्र लागू होतं ते सरासरीला. दख्खनमध्ये तर लाव्हा इतक्या झपाट्यानं आला की लागोपाठचे काही थर एकच क्षण दाखवतात. ते वेगळे मोजले तर चूक खोटीच लहान दिसते.

प्रयोगशाळेत प्रत्यावर्ती (दिशा सतत उलटसुलट होणाऱ्या) चुंबकक्षेत्रानं नंतरचं चुंबकत्व धुताना ५, १०, १५, २०, ३० असं १०० मिलिटेस्लापर्यंत पायरीपायरीनं जा, आणि जोडीचे काही नमुने तापवून ६०० अंशांपर्यंत न्या. आलेखावर शेवटची सरळ रेघ शून्याकडे जात असेल तरच ती दिशा घ्यायची.

आता समुद्राकडे येते. १९५२ मध्ये नकाशाकार मारी थार्पला अटलांटिकच्या मध्यरांगेच्या (समुद्रतळावरच्या डोंगररांगेच्या) माथ्यावर खोल दरी दिसली. रांगांपाशी नवा तळ तयार होतो आणि समुद्रातल्या खोल गर्तांमध्ये जुना आत जातो, असं अमेरिकन भूशास्त्रज्ञ हॅरी हेसनं १९६२ मध्ये छापलं. पुरावा मात्र आपल्या शेजारच्या समुद्रातून आला. १९६२ च्या अखेरीस ‘ओवेन’ या ब्रिटिश सर्वेक्षण जहाजावर ड्रमंड मॅथ्यूजनं अरबी समुद्राच्या दक्षिणेकडच्या कार्ल्सबर्ग रांगेवर चुंबकीय मोजणी केली. त्याचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन यानं संगणकावर पडताळून पाहिलं आणि तिथल्या दोन सागरी डोंगरांपैकी एक उलट ध्रुवतेचा निघाला. सप्टेंबर १९६३ मध्ये दोघांनी लिहिलं: तळ पसरत असेल आणि क्षेत्र अधूनमधून उलटत असेल, तर रांगेच्या दोन्ही बाजूंना सरळ-उलट पट्टे उमटले पाहिजेत. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्लीनं त्याच वर्षी हेच स्वतंत्रपणे लिहून पाठवलं होतं. दोन नियतकालिकांनी त्याचा लेख परत केला. अन्याय झाला असेलच, तर मला तो इथे दिसतो.

तरी पट्टे आणि उलटण्याच्या तारखा जुळेनात. कॉक्स, डोएल आणि डॅलरिंपल जमिनीवरच्या लाव्हाचं पोटॅशियम-आर्गॉन या किरणोत्सारी पद्धतीनं वय काढून क्षेत्र उलटण्याच्या तारखांचा तक्ता करत होते. १९६६ मध्ये त्यांना न्यू मेक्सिकोत हारामियो हा सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीचा छोटा टप्पा सापडला, आणि पट्टे जुळले. त्याच वर्षी ‘एल्टॅनिन’ जहाजानं दक्षिण प्रशांतातून आणलेली एक नोंद रांगेच्या दोन्ही बाजूंना आरशासारखी सारखी निघाली. बहुतेकांचा विरोध तिथे संपला, अवघ्या काही महिन्यांत. हटवादी माणसं इतक्या लवकर बदलत नाहीत.

पुढचं वेगानं झालं. टुझो विल्सननं १९६५ मध्ये रांगेचे तुकडे जोडणाऱ्या भ्रंशांवर (खडकातल्या सरकत्या भेगांवर) सरकण्याची दिशा दिसते त्याच्या उलट असेल असं भाकीत केलं. लिन साइक्सनं १९६७ मध्ये भूकंपांच्या नोंदींवरून ते खरं ठरवलं. अणुस्फोट ओळखण्यासाठी उभारलेलं जागतिक भूकंपमापक जाळं यासाठी कामाला आलं. पुण्याचं केंद्रही त्या जाळ्यात होतं. मग १९६७-६८ मध्ये मॅकेन्झी आणि पार्कर, आणि वेगळेपणानं मॉर्गन, यांनी भूपट्ट (खंड आणि सागरतळ वाहून नेणारे पृथ्वीच्या बाहेरच्या थराचे मोठे तुकडे) ताठ आहेत आणि गोलावर एका अक्षाभोवती फिरतात हे गणितात मांडलं. ल पिशाँनं सहा भूपट्टांचा हिशेब लावला. ‘ग्लोमर चॅलेंजर’ या समुद्रतळ खोदणाऱ्या जहाजानं दक्षिण अटलांटिकात भोकं पाडली तेव्हा रांगेपासून जितकं दूर, तितका तळ जुना, असं सरळ रेषेत निघालं.

तुझ्या आठ सेंटिमीटरकडे परत ये. ती नुसती सरासरी आहे. हिंदी महासागराचे पट्टे सांगतात की भारत आधी वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून जास्त वेगानं येत होता, आणि साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडल्यावर मंदावला. तुझ्या कोअरमधून ते दिसणार नाही. त्यांतून रेखांशही मिळत नाही, फक्त अक्षांश आणि फिरलेला कोन. शिवाय नतिकोनात पाच अंशांची अनिश्चितता असेल, तर २८ अक्षांशावर ती चार अंशांची होते, म्हणजे साडेचारशे किलोमीटरहून जास्त. अहवालात अक्षांशाशेजारी हा आकडा लिहायचाच.

थरांची सरासरी काढण्याआधीचे तक्ते मला पाठव, प्रत्येक नमुन्याचे, टाकून दिलेल्यांसकट आणि का टाकले त्या कारणासकट. सूर्यकंपास आणि होकायंत्राच्या वाचनांतला फरक वेगळ्या रकान्यात लिही.

तुझी,
आई