मंत्रीमहोदय, सल्लागार टक्केवारीवर नको, हाकेला येणारा हवा

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार,

मी एका तालुक्याच्या गावात स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, खाजगी कामं करतो आणि अधूनमधून नगरपरिषदांचीही करतो. म्हणजे या विषयात माझा स्वार्थ आहे, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी उठून तेच म्हणणार.

विषय आहे नगरपरिषदांच्या बिल्डिंगांसाठी जे तांत्रिक सल्लागार नेमतात, ज्यांना सगळे पीएमसी म्हणतात, त्यांची नेमणूक आणि त्यांची फी. मोठ्या महापालिकांचं सोडा, त्यांच्याकडे माणसं आहेत. छोट्या नगरपरिषदेत काय असतं? एक नगर अभियंता, हाताखाली दोन-तीन जेई म्हणजे कनिष्ठ अभियंते असले तर नशीब, आणि त्यांच्याच गळ्यात रस्ते, गटारं, पाणी, घरकुलं, अतिक्रमण, कोणाचा दौरा असला की मंडप, आणि निवडणूक लागली की निवडणूक ड्युटी. तिथे आर्किटेक्ट नसतो, स्ट्रक्चरवाला तर नसतोच. त्यामुळे बाहेरचा माणूस लागणारच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्याला पैसे कसे देता याबद्दल.

सल्लागाराला फी मिळते कामाच्या रकमेच्या टक्केवारीवर. हिशोबाला सोपं म्हणून दोन टक्के धरा. १० कोटींचं नाट्यगृह असेल तर २० लाख. शाळेच्या गळक्या स्लॅबची ५ लाखांची दुरुस्ती असेल तर १० हजार. आता या १० हजारात त्याने यायचं, स्लॅब ठोकून बघायचा, काँक्रीटची ताकद बघायला हॅमर टेस्ट, जमलं तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळीसारखा तुकडा, काढून लॅबला द्यायचा, रिपोर्ट लिहायचा, अंदाजपत्रक करायचं आणि वर काम चालू असताना दोनदा बघायला यायचं. कोण येणार साहेब? मी पण नाही जात, खरं सांगतो. आणि एखाद्या जुन्या मार्केटबद्दल "याची दुरुस्ती होते" असं सांगणाऱ्याला हजारात पैसे आणि "हे पाडा, नवीन कॉम्प्लेक्स बांधा" सांगणाऱ्याला लाखात, असं असल्यावर सल्ला कोणता मिळणार हे सांगायला इंजिनियर कशाला पाहिजे.

मग छोट्या कामांचं काय होतं? नगरपरिषदेच्या एका शाळेचं उदाहरण देतो, गावाचं नाव नको. जुनी बिल्डिंग, वरचा स्लॅब गळायचा. कोणीतरी कधीतरी ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, करून दिला. काही वर्षांनी परत गळायला लागला, परत टेंडर, आणि जुना कोबा फोडायला पैसे जास्त लागतात म्हणून त्याच्यावरच दुसरा कोबा. मी गेलो तेव्हा तिसऱ्याचं अंदाजपत्रक तयार होतं. चार-साडेचार इंचाचा कोबा म्हणजे चौरस मीटरला २०० किलोच्या वर वजन जातं. आणि आपल्या आयएस कोडप्रमाणे, म्हणजे भारतीय मानकाप्रमाणे, माणसं जातात-येतात त्या गच्चीवर लाइव्ह लोड, म्हणजे माणसा-सामानाचं वजन, धरतात चौरस मीटरला १५० किलो. म्हणजे दुसऱ्या कोब्याने एकट्यानेच तेवढं सगळं खाऊन टाकलं होतं, आणि पाणी मुरायचं थांबलं नव्हतंच, खालून सळई गंजून फुगलेली, कव्हरचे, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटचे, पापुद्रे सुटलेले, आणि त्यावर दर उन्हाळ्यात चुना मारला जात होता त्यामुळे वर्गात उभं राहून काही कळायचं नाही. खाली पहिलीचा वर्ग. जेईला विचारलं तर तो म्हणाला, सर मला वाटत होतं की वजन जास्त होतंय पण मी कोणाला विचारणार, नाट्यगृहाची पीएमसी आहे पण त्यांच्या वर्क ऑर्डरमध्ये शाळा नाही. पोरगं हुशार होतं. त्याला एका माणसाचा अर्धा दिवस पाहिजे होता, तो मिळायची सिस्टीममध्ये सोयच नव्हती.

गंमत बघा, दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हीच नगरपरिषद १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १९५ खाली गावातल्या जुन्या वाड्यांना धोकादायक म्हणून नोटिसा लावते. स्वतःच्या शाळेला, दवाखान्याला, भाजी मंडईला नोटीस कोण लावणार?

आता मोठ्या कामांकडे या. तिथे तरी सल्लागार मिळतो ना, मिळतो, पण कसा? निविदा काढतात, त्यात टर्नओव्हरची अट, अमुक कोटींच्या समान कामाचा अनुभव, सीएचं सर्टिफिकेट, ईएमडी म्हणजे अनामत रक्कम. गावातला, जिल्ह्यातला माणूस तिथेच बाद. शहरातल्या फर्म उरतात आणि त्यांच्यात एल-वनची, म्हणजे सगळ्यात कमी दर कोणाचा याची, मारामारी, मग फी एक टक्क्याच्याही खाली गेलेली मी पाहिलीय. एवढ्या कमी पैशात ती फर्म काय करणार, नुकताच डिप्लोमा झालेला एक मुलगा पाठवणार, तोही तीन साइटमध्ये वाटलेला. आणि मग स्टील चेकिंग होतं व्हॉट्सॲपवर. सकाळी सात वाजता ठेकेदाराचा फोटो येतो, सळईचं जाळं दिसतं, सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक आहेत की नाहीत दिसत नाही, बीम-कॉलमच्या जॉइंटमध्ये रिंगा आहेत का ते तर अजिबातच नाही, खाली मेसेज, "साहेब टाकू का, गाडी उभी आहे". आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी एकदा भरली की साधारण दोन तासांत ओतावी लागते, त्यामुळे दीडशे किलोमीटरवरून साहेब काय करणार, अंगठा पाठवणार. झाला स्लॅब. पुढे एमबीला, म्हणजे मोजमाप पुस्तकाला, सह्या पण होतात.

याच्यावर मला एक अगदी साधा उपाय दिसतो. जिल्ह्याला एक पॅनल करा, तीन वर्षांसाठी. त्यात आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल, जमिनीची तपासणी करणारे, इलेक्ट्रिकल, फायर, सगळे. टर्नओव्हर बघू नका, काम बघा, त्यांनी केलेल्या बिल्डिंगा जाऊन बघा. आणि टक्केवारी काढून टाका, प्रत्येक कॉलचा दर ठरवा. साइट व्हिजिटचा एवढा, स्लॅबच्या आधी स्टील तपासून लेखी परवानगी द्यायचा एवढा, जुन्या इमारतीच्या पाहणीचा एवढा, दुसऱ्याचं डिझाइन तपासायचा एवढा. रस्त्याच्या खडीपासून दरवाज्याच्या कडीपर्यंत सगळ्याची दरसूची आपल्याकडे आहे, मग इंजिनियरच्या दिवसाचा दर काढायला काय हरकत आहे. जेईला शंका आली की त्याने मुख्याधिकाऱ्यांच्या मान्यतेने कॉल टाकायचा, ४८ तासांत माणूस हजर. नाट्यगृह असो की शाळेची गच्ची, फी तीच, त्यामुळे मोठं अंदाजपत्रक करण्यात कोणाला इंटरेस्ट उरत नाही.

हे काही जगावेगळं नाहीये. अमेरिकेत १९७२ साली ब्रुक्स कायदा आला, त्यात केंद्र सरकारच्या कामांना आर्किटेक्ट-इंजिनियर निवडताना आधी लायकी बघायची आणि फीची बोलणी नंतर, स्वस्त कोण हे आधी विचारायचंच नाही. तिथल्या काऊंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या, आणि नगरपालिका असे ऑन-कॉल सल्लागार सर्रास ठेवतात. आपल्याकडे आर्किटेक्ट्स ॲक्ट पण १९७२ चाच, पण आपण अजून एल-वनमध्येच अडकलोय. केंद्राच्या २०१७ च्या जीएफआरमध्ये, म्हणजे सर्वसाधारण वित्तीय नियमांमध्ये, सल्लागारासाठी गुणवत्ता आणि किंमत दोन्ही बघायची पद्धत दिलेली आहेच, म्हणजे अगदी शून्यातून सुरुवात करायची नाही.

मला माहितीये लगेच काय म्हणतील, पॅनल म्हणजे पुन्हा आपल्याच माणसांची सोय. बरोबर आहे, होतं असं. पॅनल आजही काही ठिकाणी आहेत की, यादी कपाटात आणि फोन नेहमीच्या दोघांनाच. म्हणून कॉल रोटेशनने जावा, कोणाला कधी कॉल गेला, तो किती वाजता पोचला, काय लिहून दिलं, हे सगळं नगरपरिषदेच्या वेबसाइटवर दिसावं. दोनदा बोलावून आला नाही की नाव कमी. आणि ज्याने डिझाइन केलं त्यालाच त्याच कामाची तपासणी देऊ नका, आज एकच माणूस अंदाजपत्रक करतो, टेंडरचे कागद करतो, साइट बघतो आणि शेवटी काम चांगलं झालं म्हणून सर्टिफिकेट पण देतो.

एक गोष्ट मात्र राहिली तर बाकी सगळं फुकट जाईल, ती म्हणजे पैसे. आज सल्लागाराचं बिल ठेकेदाराच्या बिलाच्या मागे बांधलेलं असतं, वरून निधी आला की ठेकेदाराला, मग उरलं तर आम्हाला, आणि शेवटचा हप्ता तर काम पूर्णत्वाच्या दाखल्यापर्यंत अडकून. यात काय होतं ते स्पष्ट लिहितो, सल्लागार ठेकेदाराच्या कडेला जाऊन बसतो, कारण ठेकेदाराचं बिल निघालं तरच याचं निघणार. काही ठिकाणी ठेकेदारच समजुतीने "भागवून" देतो. तो मग त्याच ठेकेदाराचा स्लॅब कसा थांबवणार? म्हणून कॉलचे पैसे नगरपरिषदेच्या बजेटात वेगळे ठेवा, रिपोर्ट दिल्यापासून ३० दिवसांत द्या, त्या कामाचा निधी आला का नाही याच्याशी संबंध नको.

सगळ्या राज्यात एकदम करा असं मी म्हणत नाही. एक जिल्हा घ्या, पुढच्या पावसाळ्याच्या आधी, आणि पहिले कॉल नवीन कामांसाठी नको, नगरपरिषदेच्या शाळा आणि दवाखान्यांच्या गच्च्यांसाठी टाका. दरसूची करायला माणसं पाहिजे असतील तर आमच्यातले बरेच जण फुकट येऊन बसतील, मी पण येईन. आणि ती शाळा कोणती ते हवं असेल तर आपल्या कार्यालयाला कळवतो, तिसरा कोबा तेवढा थांबवा.

आपला,
एक तालुक्याचा इंजिनियर