विषय : ‘नेटिव्ह पोनी शो सेट’ या नावाखाली पाठवलेलं गुलाबी पट्ट्याचं ब्रायडल (घोड्याच्या डोक्यावरचा लगामाचा साज)

प्रति,
व्यवस्थापक, निर्यात विभाग

तुमच्या पुण्याच्या कार्यालयाशी आज चौथ्यांदा बोलले. आता फोन करणार नाही, म्हणून हे पत्र.

मी वेल्समध्ये राहते. माझी सहा वर्षांची मुलगी इथल्या शोमध्ये वेल्श सेक्शन ए जातीच्या छोट्या पोनीवर लीड रेनच्या वर्गात उतरते, म्हणजे मूल पोनीवर बसतं आणि मोठं माणूस दोरी धरून पोनी चालवतं. मी मागवलं होतं तपकिरी चामड्याचं साधं ब्रायडल, साधा कॅव्हेसन नोजबँड (नाकावरून जाणारा पट्टा) आणि नोजबँडला अडकवायची लीड रेन, म्हणजे ती दोरी. खोक्यातून निघालं काळं ब्रायडल, त्यावर खडे जडवलेला गुलाबी मखमली ब्राउबँड (कपाळावरचा पट्टा), तोंड मिटून धरणारा फ्लॅशचा पट्टा शिवलेला नोजबँड आणि तोंडातल्या लोखंडी बिटच्या दोन्ही कड्यांत अडकवायची साखळीवाली लीड रेन.

तुम्ही हा माल इंग्लंड-वेल्सला विकता, तेव्हा रंगीत ब्राउबँड शो पोनीचा असतो हे तुम्हाला माहीत असणारच. आयाळीच्या वेण्या घातलेल्या, निळ्या कोटातल्या मुलांच्या त्या पोनी. नेटिव्ह, म्हणजे इथल्याच मूळच्या जातींच्या पोनीची आयाळ मोकळी, शेपूट पूर्ण, चामडं तपकिरी आणि मूल ट्वीडच्या कोटात. सेक्शन ए म्हणजे जास्तीत जास्त १२ हँडचं (खांद्यापाशी चार फुटांचं) डोंगरातलं जनावर. त्याचा बांधा आणि चाल बघायची असते, कपाळावरचे खडे नाहीत. आणि लीड रेन नोजबँडला लावतात, कारण मूल लगाम धरून बसलेलं असताना चालवणाऱ्याचा हिसका पोनीच्या तोंडात बसू नये. तुमची साखळी नेमकी तोंडातच हिसका देते. यात आवडीनिवडीचा प्रश्नच नाही.

आता आजच्या फोनबद्दल. तुमच्या प्रतिनिधीनं आधी विचारलं, “मॅडम, मुलीला पिंक आवडत नाही का?” मी शांतपणे सांगितलं की मुलीच्या आवडीचा इथे संबंध नाही, वर्गाचा रिवाज आहे. त्यावर ते म्हणाले, “पण नेटिव्ह म्हणजे गावठीच ना? गावठी घोड्याला एवढं काय लागतं?” मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी हसून. मागे आणखी कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. मग “तुम्ही जजना विचारून बघा, चालून जाईल” असा सल्ला देऊन मला होल्डवर टाकलं आणि अकरा मिनिटांनी फोन कट झाला.

गावठी! ज्या पुण्यात बसून तुम्ही घोड्याचं सामान विकता, तिथून भीमथडीच्या तट्टांवर बसून मराठे उत्तरेपर्यंत गेले. त्या तट्टांनाही तुम्ही गावठीच म्हणणार का? इथे वेल्सच्या लोकांनी आपल्या डोंगरातल्या पोनी जपल्या, १९०१ साली संस्था काढून त्यांच्या वंशावळी लिहून ठेवल्या. मी मराठी आहे म्हणून आपल्या माणसांकडून माल घ्यावा असं वाटलं. फार वाईट वाटतंय ते याचंच.

फ्लॅशचा पट्टा कापून काढला तर नोजबँडवर शिवणीची भोकं राहिली. गुलाबी पट्टा काढला, दुसरा तपकिरी लावला, तर बाकीचं ब्रायडल काळं. ओल्या स्पंजनं पुसलं तेव्हा रंग सुटला आणि आमच्या पांढऱ्या पोनीच्या गालावर डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत काळा ओघळ उतरला. शोच्या सकाळी तो दोनदा साबणानं धुतला. शेवटी शेजारच्या तबेल्यातून मागून आणलेलं ब्रायडल घालून मुलगी रिंगणात गेली. ते दोन भोकं मोठं होतं, नोजबँड सारखा खाली घसरत होता. खिशातले पैसे मोजून गुलाबी पट्टा कोण मागवेल? मी तर मागवला नव्हताच.

मला पूर्ण रक्कम आणि परत पाठवण्याचा कुरिअर खर्च आठ दिवसांत हवा. वेबसाइटवरून ‘नेटिव्ह’ हा शब्द त्या सेटपुढून काढा, नाहीतर तसा सेट बनवा. नवव्या दिवशी मी बँकेकडून पैसे परत मागवीन, ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन आणि काळ्या ओघळाचा फोटो इथल्या प्रत्येक पोनीवाल्याला दाखवीन. आणि ते गृहस्थ हसले त्याबद्दल मला त्यांच्याच तोंडून, फोनवर, माफी हवी आहे.

एक ग्राहक, वेल्स